बॉबी मॅथ्यूज: २९७ विजय, पंधरा हंगाम आणि कूपर्सटाउनचं बंद दार

कोपऱ्यावरचा_कॅचर (धागाकर्ता)

४ मे १८७१. इंडियानातलं फोर्ट वेन. घरचा संघ कीकिओंगा, समोर क्लीव्हलँडचा फॉरेस्ट सिटी. अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक बेसबॉल लीगचा, म्हणजे नॅशनल असोसिएशनचा, हा पहिला सामना. मान खरा वॉशिंग्टनचा होता, पण तिथे पाऊस आला आणि पहिलेपणा फोर्ट वेनच्या पदरात पडला. कीकिओंगा २, फॉरेस्ट सिटी ०. एका संघाने वीस-वीस धावा करायच्या काळातला हा शटआउट, म्हणजे समोरच्याला शून्यावर ठेवणं. टाकणारा पोरगा १९ वर्षांचा, ५ फूट ५ इंच उंच, वजन जेमतेम ६४ किलो, गाव बाल्टिमोर. नाव बॉबी मॅथ्यूज.

त्यानंतर हा माणूस १८८७ पर्यंत टाकत राहिला. एकूण २९७ विजय, २४८ पराभव, ERA असं ज्याला म्हणतात ती अर्जित धावांची सरासरी २.८६, सुमारे ४,९५० डाव. रॉजर क्लेमेन्सचा वाद वेगळा आहे, तो बाजूला ठेवला तर हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे कूपर्सटाउनमधल्या बेसबॉलच्या सन्मानस्थानाच्या, बाहेर असलेल्यांत इतके विजय कुणाचेच नाहीत. मॅथ्यूज १८९८ मध्ये ४६ व्या वर्षी गेला. हॉलची पहिली निवडणूक झाली १९३६ ला, तेव्हा त्याला खेळताना पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली असणार.

माझं मत: त्याला आत घ्यायला हवं. पण "२९७, म्हणजे ३०० ला तीन कमी" या एका वाक्यावर त्याची बाजू मांडली जाते, ती मला लंगडी वाटते. आकडे, नियम, तंत्र, सगळं इथे मांडू या. विरोधातलंही हवं आहे.

सुरुवातीला हंगामांचा तक्ता (विजय–पराभव) देतो, म्हणजे सगळे एकाच पानावर राहतील.

नॅशनल असोसिएशन:
१८७१ फोर्ट वेन ६–११
१८७२ लॉर्ड बाल्टिमोर २५–१८
१८७३ न्यूयॉर्क म्युच्युअल्स २९–२३
१८७४ म्युच्युअल्स ४२–२२
१८७५ म्युच्युअल्स २९–३८
बेरीज १३१–११२

नॅशनल लीग:
१८७६ म्युच्युअल्स २१–३४
१८७७ सिनसिनाटी ३–१२
१८७९ प्रॉव्हिडन्स १२–६
१८८१ प्रॉव्हिडन्स व बॉस्टन मिळून ५–८
१८८२ बॉस्टन १९–१५
बेरीज ६०–७५

अमेरिकन असोसिएशन, सगळे फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडून:
१८८३ ३०–१३
१८८४ ३०–१८
१८८५ ३०–१७
१८८६ १३–९
१८८७ ३–४
बेरीज १०६–६१

---

आकडेमोड

तक्ता छान. पण मी विरोधी बाकावर बसतो, कारण या धाग्यात कुणीतरी बसायलाच हवं.

१८७४ चा हंगाम घ्या. म्युच्युअल्सचा संघ ४२–२३ आणि मॅथ्यूज ४२–२२. १८७५: संघ ३०–३८, मॅथ्यूज २९–३८. १८७६: संघ २१–३५, मॅथ्यूज २१–३४. १८७३ ला संघ २९–२४, मॅथ्यूज २९–२३. चार वर्षांत संघाचे १२२ विजय, त्यातले १२१ याच्या नावावर. याचा अर्थ काय? तेव्हा "पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) विजय" आणि "संघाचा विजय" या एकाच वस्तूच्या दोन पावत्या होत्या. क्लबकडे एक टाकणारा, तोच रोज उभा राहणार. संघ जिंकला की खात्यात जमा, हरला की वजा. बॉस्टनचा पिचर स्पॉल्डिंग याला १८७४ मध्ये ५२ विजय मिळाले, कारण बॉस्टनने ५२ सामने जिंकले.

म्हणून २९७ हा आकडा आजच्या पिचरच्या २९७ शेजारी ठेवताच येत नाही. ठेवायचीच तर टक्केवारी ठेवा: २९७ ला ५४५ ने भागलं की .५४५. नॅशनल असोसिएशनपुरती .५३९, पुढच्या दोन लीगमध्ये .५५०. बरी आहे, थोर नाही.

दुसरं, १८७६ ते १८८१ चा मधला पट्टा बघा. सहा वर्षांत ४१ विजय, ६० पराभव. १८७८ आणि १८८० ला तर तो या लीगमध्ये दिसतच नाही. १८७९ ला प्रॉव्हिडन्स विजेता ठरला खरा, पण ५९ पैकी ४७ विजय मॉन्टी वॉर्डचे, याचे १२. ज्या वयात पिचर भरात असतो, २४ ते २९, त्या वयात हा माणूस दुसऱ्या फळीत होता.

---

तिसरा_बेस

आकडेमोड, मुद्दा बिनतोड आहे, पण तीच फूटपट्टी १८८५ ला लावा. अ‍ॅथलेटिक्सचा पूर्ण संघ ५५–५७. मॅथ्यूज ३०–१७. म्हणजे बाकीचे सगळे मिळून २५–४०. एकाच संघात, त्याच क्षेत्ररक्षकांपुढे, याची टक्केवारी .६३८ आणि इतरांची .३८५. इथे पावती एकच नव्हती, दोन वेगळ्या होत्या, आणि याची भारी निघाली.

---

आकडेमोड

मान्य. १८८५ त्याचाच. पण १८८३ ला संघ ६६–३२, बाकीच्यांचे ३६–१९, म्हणजे .६५५ विरुद्ध याचे .६९८. थोडाच फरक. १८८४ ला बाकीचे ३१–२८, याचे ३०–१८. तिन्ही वर्षं तो संघातला सगळ्यात चांगला, यात वाद नाही. वाद एवढाच की ही तीन वर्षं एखाद्याला हॉलपर्यंत नेतात का.

---

४५_फूट

आता तंत्राकडे येऊ, कारण माझ्या मते निकाल तिथेच लागतो. आज "पिचर" म्हटल्यावर डोळ्यासमोर येतो तो उंचवट्यावरून हात डोक्यावरून फिरवणारा, साडेसाठ फुटांवरचा माणूस. १८७१ मध्ये यातलं काहीही नव्हतं.

अंतर. जमिनीवर आखलेली चौकट, तिची पुढची रेघ होम प्लेटपासून ४५ फुटांवर, म्हणजे साधारण १३.७ मीटर. पिचर चौकटीच्या आत पाऊल टाकत, पळत येऊन सोडू शकायचा. १८८१ पासून ही पुढची रेघ ५० फुटांवर गेली. इथे एक गफलत नेहमी होते: लोक ६०.५ मधून थेट ५० वजा करतात आणि म्हणतात १८९३ ला साडेदहा फूट वाढले. तसं नाही. ५० हा आकडा चौकटीच्या पुढच्या रेघेचा. १८८७ ला चौकट साडेपाच फूट खोल झाली आणि मागचा पाय मागच्या रेघेवर ठेवायची सक्ती आली, म्हणजे मागचा पाय ५५.५ फुटांवर. १८९३ ला तोच मागचा पाय रबरी पट्टीवर, ६०.५ फुटांवर गेला. खरी वाढ पाच फुटांची.

हात. १८७१ ला अंडरआर्म, हात सरळ, झुलत्या लंबकासारखा. १८७२ पासून कोपर वाकवायला आणि मनगटाचा झटका द्यायला परवानगी, मात्र हात कमरेच्या खालूनच जायला हवा. नॅशनल लीगने १८८३ ला खांद्यापर्यंत मोकळीक दिली आणि १८८४ ला हात पूर्ण वर नेऊ दिला. अमेरिकन असोसिएशनने मात्र १८८५ चा हंगाम सुरू असताना ती दिली. क्रिकेटवाल्यांना ताळा म्हणून: इंग्लंडमध्ये ओव्हरआर्म १८६४ लाच नियमात आलं होतं. बेसबॉलने वीस वर्षं जास्त घेतली.

बॅटरचा हक्क. १८७१ ते १८८६ या काळात बॅटर सांगायचा, "वर" किंवा "खाली". वर म्हणजे कमर ते खांदा, खाली म्हणजे गुडघ्याच्या आसपास ते कमर. पिचरला त्या अर्ध्या पट्ट्यातच टाकायचं. दुसऱ्या पट्ट्यात पडलेला अचूक चेंडूही वाया. म्हणजे आज ज्याला आपण जागा बदलून फसवणं म्हणतो, ते अर्धं शस्त्र काढूनच घेतलेलं. उरतं काय? वेग कमी-जास्त करणं आणि चेंडू वळवणं.

बाकी लहान नियम. वॉकसाठी, म्हणजे बॅटरला फुकट पहिला बेस मिळायला, लागणारे वाया चेंडू हळूहळू कमी होत गेले: १८७९ ला नऊ, १८८० ला आठ, १८८९ पर्यंत चार. पडून आत आणि मग घरंगळत बाहेर गेलेला फटका १८७६ पर्यंत आतलाच धरत, त्यामुळे चलाख बॅटर मुद्दाम चेंडू बाजूला खाली ठोकायचे. फाउल चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद, हे नॅशनल लीगने १८८३ ला काढलं.

या यादीतला जवळजवळ प्रत्येक बदल मॅथ्यूजच्या कारकिर्दीच्या आत घडला. पहिल्या सामन्यात सरळ हाताने ४५ फुटांवरून टाकणारा माणूस शेवटच्या वर्षी मागचा पाय ५५.५ फुटांवर रोवून उभा होता, तोही चार स्ट्राइकच्या नियमात, कारण १८८७ हे तसं एकुलतं एक वर्ष.

---

धूळपाटी

वा, पुढची रेघ आणि मागचा पाय हा खुलासा मराठीत पहिल्यांदा वाचला. जपून ठेवतोय.

एक प्रश्न: ६४ किलोचा माणूस कमरेखालून टाकून चेंडू वळवायचा म्हणजे नेमकं काय करायचा?

---

४५_फूट

धूळपाटी, क्रिकेटच्या लेगस्पिनरचं मनगट डोळ्यासमोर आणा, पण हात खालून येतोय. सोडताना अंगठा आणि पहिली दोन बोटं चेंडूच्या बाजूवरून ओढली जातात, मनगट आत किंवा बाहेर झटकतं. फिरकीचा आस उभ्याकडे झुकतो, म्हणून चेंडू हवेतच बाजूला सरकतो. उजव्या बॅटरपासून दूर जाणारा हाच तो जुना "आउट कर्व्ह". टप्पा नसल्यामुळे जे काही वळायचं ते हवेतच. १३-१४ मीटरमध्ये वळण दिसायचं तर चेंडू फार वेगात असून चालत नाही, हवेला काम करायला वेळ हवा. त्यामुळे लहान चणीच्या माणसाला इथे तोटा नव्हता. ताकदीने टाकणाऱ्याला बॅटरने "खाली" म्हटलं की अडचण, वळवणाऱ्याला तेवढी नाही.

कँडी कमिंग्जने ही कला आणली असं मानतात, आणि त्याच्या पाठोपाठ ती सामन्यात नेमाने वापरणाऱ्यांत मॅथ्यूजचं नाव पहिल्या ओळीत येतं.

दुसरी गोष्ट ओल्या चेंडूची. जुन्या सोबत्यांनी नंतरच्या काळात सांगितलेल्या आठवणींत आहे की तो चेंडू तळव्यावर घासून एक बाजू पांढरी ठेवायचा, तीच बोटांनी ओली करायचा आणि सोडायचा. ओल्या बोटाखालून चेंडू घसरतो, त्याला नेहमीची उलटी फिरकी लागत नाही, म्हणून बॅटरजवळ तो अपेक्षेपेक्षा जास्त खाली बसतो. अशा ओल्या चेंडूवर, म्हणजे स्पिटबॉलवर, बंदी आली १९२० ला, म्हणजे त्याच्या वेळी हे नियमाबाहेर नव्हतं. पण ही माहिती वर्षांनंतरच्या आठवणींवर उभी आहे. मी ती नामांकनात पहिल्या परिच्छेदात घालणार नाही. कर्व्हचा मुद्दा घालीन.

---

हिक्सचा_अंगठा

कॅचरशिवाय, म्हणजे बॅटरमागे चेंडू धरणाऱ्याशिवाय, ही चर्चा अपुरी राहील. म्युच्युअल्समध्ये मॅथ्यूजचा चेंडू घ्यायला नॅट हिक्स असायचा. हातमोजा नाही, तोंडावर जाळी नाही. जाळी पहिल्यांदा वापरली गेली १८७७ च्या सुमारास. बहुतेक कॅचर मागे उभं राहून चेंडू टप्प्यावर घ्यायचे. हिक्स बॅटच्या अगदी मागे येऊन थेट हातात घ्यायचा, म्हणून त्याचं नाव झालं.

पिचरला याचा फायदा नेमका कुठे? तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट धरला नाही तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. बेसवर माणूस असताना चेंडू निसटला की तो पुढच्या बेसवर. म्हणजे पिचरने कितीही फसवा चेंडू टाकला तरी तो पकडणारा नसेल तर फसवा चेंडू स्वतःच्याच संघाला महाग. वळणारा चेंडू मोकळेपणाने टाकता यायचा तर मागे हिक्ससारखा कुणीतरी हवा. म्हणून मॅथ्यूजच्या १८७५ च्या २९ विजयांत हिक्सच्या सुजलेल्या बोटांचा वाटा धरायलाच हवा.

---

आकडेमोड

याच मुद्द्यावरून पुढचा आक्षेप. त्या काळात निम्म्याहून जास्त धावा "अनर्जित" होत्या, म्हणजे एररमुळे (क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे), निसटलेल्या चेंडूंमुळे झालेल्या. मोजे नाहीत, मैदानं खडबडीत, एकच चेंडू पूर्ण सामन्यात फाटेस्तोवर वापरायचा. त्यामुळे २.८६ ही सरासरी बघून हुरळून जाऊ नका. ती त्या काळातल्या सगळ्यांचीच कमी दिसते. टॉमी बाँड, जिम मॅकॉर्मिक, विल व्हाइट यांच्या सरासऱ्या त्याहून खाली आहेत.

पिचर मोजायचा तर अशा काळात त्याच्या संघाविरुद्ध झालेल्या एकूण धावा घ्या, सगळ्या. त्यांना लीगच्या सरासरीने भागा. मग त्याच संघाची एरर संख्या लीगच्या एरर संख्येशी ताडून बघा. संघ क्षेत्ररक्षणात सरासरीपेक्षा चांगला असेल तर श्रेय कमी करा, वाईट असेल तर वाढवा. वर्षागणिक हे करायचं, एकदम पंधरा वर्षांचं नाही. कारण १८७४ आणि १८८५ यांत क्षेत्ररक्षणच वेगळं झालेलं.

---

बोस्टनकर

बाँडचं नाव निघालंच आहे तर माझा प्रामाणिक प्रश्न. १८७७, ७८, ७९, ओळीने तीन वर्षं ४०, ४०, ४३ विजय. १८७७ ला विजय, सरासरी आणि स्ट्राइकआउट (स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) तिन्हींत लीगमध्ये पहिला. तोही बाहेरच. मग आधी बाँड का नको?

---

कोपऱ्यावरचा_कॅचर

बोस्टनकर, बाँडचा बहर मॅथ्यूजच्या बहरापेक्षा उंच होता, हे मी विनाअट मानतो. त्याचं एकूण २३४–१६३, त्यात नॅशनल असोसिएशनचे ४१–४८. पण त्याचं वर्षवार पान उलटा. १८८० ला २६–२९. १८८१ ला ०–३. १८८२ ला ०–१. १८८४ ला १३–१४, आणि खेळ खलास. १८८१ म्हणजे रेघ ५० फुटांवर गेली ते वर्ष. सगळा दोष अंतराला देणार नाही, कारण हात १८८० लाच थकल्याचं त्या २६–२९ वरून दिसतं. पण नव्या अंतरावर त्याला फक्त १३ विजय मिळाले हे खरं.

आता मॅथ्यूज. ४५ फुटांवरून १६७ विजय. १८८१ पासून, म्हणजे ५० फुटांवरून आणि पुढे, १३० विजय. तीस वर्षांचा होत आलेला, चार-पाच वर्षं मागे पडलेला माणूस नव्या अंतरावर नव्याने टाकायला शिकतो आणि ओळीने तीन वर्षं तीस-तीस सामने जिंकतो. ही त्याची खरी केस आहे. आकडेमोड यांनी दाखवलेला मधला खड्डा मी लपवणार नाही. उलट तो खड्डा दाखवल्याशिवाय १८८३ चं मोल कळत नाही.

अजून एक. नॅशनल असोसिएशनमध्ये १३१, नॅशनल लीगमध्ये ६०, अमेरिकन असोसिएशनमध्ये १०६. तीन वेगवेगळ्या लीगमध्ये प्रत्येकी ५० हून जास्त. पहिली लीग १८७५ ला संपली आणि तिसरी १८८२ ला सुरू झाली, म्हणजे यासाठी १८७५ च्या आधी ५० जिंकून १८८२ च्या नंतरही ५० जिंकायला हवेत. स्पॉल्डिंग, कमिंग्ज, डिक मॅकब्राइड, सगळे त्याच्या खूप आधी थांबले. मॅकब्राइडने असोसिएशनमध्ये १४९ सामने जिंकले आणि नॅशनल लीगमध्ये ०–४. पहिल्या पिढीतल्या बड्या पिचरपैकी पलीकडच्या काठाला हा एकटा पोचला.

---

तिसरा_बेस

+१. हे वाक्य नामांकनाच्या सुरुवातीला ठेवा.

---

जुनी_खाती

आता मुळावर येऊ. मॅथ्यूजचे १३१ विजय अधिकृत हिशेबातून गायब का? १९६९ ला मेजर लीगने नोंदींसाठी नेमलेल्या खास समितीने सहा लीगना सर्वोच्च दर्जाच्या, म्हणजे "मेजर" ठरवलं: नॅशनल, अमेरिकन, अमेरिकन असोसिएशन, युनियन असोसिएशन, प्लेयर्स लीग, फेडरल लीग. नॅशनल असोसिएशन वगळली. कारण असं की वेळापत्रक विस्कळीत आणि कारभार ढिला.

विस्कळीत होतंच. प्रवेश फी फक्त १० डॉलर. सामन्यांच्या तारखा क्लबच्या चिटणीसांनी पत्र लिहून ठरवायच्या. फोर्ट वेनचा कीकिओंगा ७–१२ वर असताना ऑगस्ट १८७१ मध्येच बाहेर पडला. १८७५ ला आयोवाच्या कीओकक वेस्टर्न्सने १३ सामने खेळले, एक जिंकला आणि गाशा गुंडाळला.

पण मग मान्यता मिळालेली युनियन असोसिएशन बघा. एकच हंगाम, १८८४. सेंट लुइसचा संघ ९४–१९, दुसरा कुणी जवळपासही नाही. अल्टूनाचा संघ ६–१९ होऊन २५ सामन्यांत बंद. हे विस्कळीत नाही? नॅशनल लीगच्या पहिल्याच वर्षी, १८७६ ला, म्युच्युअल्स आणि फिलाडेल्फियाचे अ‍ॅथलेटिक्स शेवटचा पश्चिमेचा दौरा करायलाच गेले नाहीत आणि दोघांनाही काढून टाकलं. तेही विस्कळीतच.

खेळाडूंच्या दर्जाचं म्हणाल तर १८७५ च्या असोसिएशनमधली मोठी नावं १८७६ ला थेट नॅशनल लीगमध्ये दिसतात. हिवाळ्यात पाटी बदलली, माणसं तीच. मॅथ्यूज त्याच म्युच्युअल्सकडून, त्याच न्यूयॉर्क भागात टाकत होता. एप्रिल १८७६ पासून त्याचा विजय "मेजर" आणि ऑक्टोबर १८७५ चा नाही, ही रेघ कागदावरची आहे.

डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ च्या निग्रो लीगना मेजर दर्जा मिळाला आणि २०२४ ला त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत जमा झाले. फार उशिरा झालेला, पूर्ण न्याय्य निर्णय. त्याने एवढं सिद्ध केलं की १९६९ ची यादी दगडावरची रेघ नाही.

---

आकडेमोड

हॉलला मेजर लीगची यादी बंधनकारक नाही, हेही नोंदवा. कमिंग्जचं उदाहरण आहे. एकूण १४५–९४, त्यातले १२४ असोसिएशनमधले, नॅशनल लीगमध्ये २१–२२. सहाच हंगाम. तरी १९३९ ला आत. स्पॉल्डिंगही १९३९ लाच.

---

जुनी_खाती

बरोबर, पण सावध राहा. कमिंग्ज कर्व्हचा जनक म्हणून आणि स्पॉल्डिंग खेळाचा उभारणीकर्ता म्हणून गेला. दोघांनाही दहा हंगामांची अट लागली नाही. मॅथ्यूज खेळाडू म्हणूनच जायला हवा, आणि त्याला ती अट अडत नाही. नॅशनल असोसिएशन धरून १५ हंगाम. न धरता: ७६, ७७, ७९, आणि ८१ ते ८७. मोजा. बरोबर दहा.

---

४५_फूट

हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. नामांकनात हवंच.

---

आकडेमोड

तरी माझा मोठा आक्षेप शिल्लक. रांगेत एकटा मॅथ्यूज नाही. ग्लासगोत जन्मलेला जिम मॅकॉर्मिक २६५–२१४, एकही विजय नॅशनल असोसिएशनचा नाही, १८८० ला क्लीव्हलँडसाठी ४५. टोनी मुलेन २८४–२२०, तोही नॅशनल असोसिएशनशिवाय. बॉब कॅरथर्स २१८–९९, शिवाय उत्तम बॅटर. नॅशनल असोसिएशन न धरता मॅथ्यूज १६६ वर येतो आणि या तिघांच्याही खाली जातो. धरून वर येतो, पण दर सामन्याच्या गुणवत्तेत मॅकॉर्मिक पुढेच राहतो, असं माझं मत.

---

हिक्सचा_अंगठा

मुलेनबद्दल फक्त आकडे मांडून थांबता येणार नाही. १८८४ ला टोलेडोमध्ये त्याचा कॅचर मोझेस फ्लीटवुड वॉकर होता, मेजर लीगमधला कृष्णवर्णीय खेळाडू. मुलेन त्याच्या खुणा मानायचा नाही, मनाला येईल ते टाकायचा, आणि वॉकरला न सांगता आलेले चेंडू मोकळ्या हाताने घ्यावे लागायचे. मुलेनने पुढे स्वतःच हे कबूल केलं. वर मी कॅचरच्या बोटांबद्दल लिहिलं ते आठवा. खुणा न पाळणं म्हणजे जाणूनबुजून समोरच्याची बोटं मोडायला ठेवणं. हॉलच्या नियमांत सचोटी आणि चारित्र्य हे शब्द आहेत. माझं मत मुलेनला नाही.

---

कोपऱ्यावरचा_कॅचर

हिक्स, पूर्ण सहमत.

आकडेमोड, मॅकॉर्मिकलाही घ्या म्हणेन. पण दोघांची केस वेगळी आहे. मॅकॉर्मिकची केस दर सामन्याच्या गुणवत्तेची. मॅथ्यूजची केस अशी की पिचिंग हे काम "चेंडू खेळात आणून देणं" यापासून "बॅटरला बाद करणं" इथवर आलं, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा त्याने मैदानावर चालून पार केला. १८८४ आणि १८८५ ला त्याचे २८६-२८६ स्ट्राइकआउट आहेत, वयाच्या ३२ व्या आणि ३३ व्या वर्षी. पूर्वी तो याच्या जवळपासही नव्हता.

---

निवडणूक_शाखा

प्रक्रियेबद्दल, कारण पाठपुरावा करायचा तर ती नीट माहीत हवी.

पूर्वी १९४७ च्या आधीच्या खेळाडूंसाठी वेगळी समिती होती. तिने डिसेंबर २०१२ ला डीकन व्हाइटला निवडलं, म्हणजे फोर्ट वेनच्या त्या पहिल्या सामन्यात मॅथ्यूजसमोर उभा राहिलेला क्लीव्हलँडचा पहिला बॅटर. त्याने डबल (दोन बेसचा फटका) मारला होता. त्याच यादीत मुलेनही होता, पण निवडला गेला नाही. आता २०२२ पासून १९८० च्या आधीचे सगळे एका "क्लासिक" समितीकडे. १८७१ चा पिचर आणि १९७५ चा बॅटर एकाच यादीत. डिसेंबर २०२४ ला त्यातून डेव्ह पार्कर आणि डिक अ‍ॅलन गेले. पुढची पाळी डिसेंबर २०२७.

यादी ८ जणांची, ती बेसबॉल लेखक संघटनेच्या इतिहास समितीतून येते. मतदार १६. निवडीला १२ मतं. एका मतदाराला जास्तीत जास्त ३ नावं. ४८ मतं, प्रत्येकी १२, म्हणजे कितीही झालं तरी चारजण. शिवाय २०२५ चा नवा नियम: पाचपेक्षा कमी मतं मिळाली तर पुढच्या फेरीत नावच येणार नाही. म्हणून घाईने नाव यादीत घुसवण्यात धोका आहे. आधी इतिहास समितीतल्या लोकांसमोर पक्कं टिपण हवं.

व्हाइटच्या बाबतीत वाट अशी होती: बेसबॉल संशोधकांच्या संस्थेने, म्हणजे सेबरने, २०१० ला त्याला एकोणिसाव्या शतकातला दुर्लक्षित खेळाडू म्हणून निवडलं, त्यावर लेखन झालं, आणि दोन वर्षांत मतं आली.

---

धूळपाटी

मग टिपणात काय काय जायला हवं? मी वर्षवार कागद तयार करायला बसू शकते.

---

आकडेमोड

बसाच. मी विरोधात असलो तरी कागद चोख झालेला मला हवाच आहे. रकाने असे ठेवा: वर्ष, लीग, पुढच्या रेघेचं अंतर, हाताचा नियम, संघाचे विजय-पराभव, त्यातले मॅथ्यूजचे, बाकीच्या पिचरचे, संघाविरुद्धच्या एकूण धावा, लीगची सरासरी, संघाच्या एरर, मुख्य कॅचर. १८७४ आणि १८८५ ही दोन वर्षं आधी भरा. पहिल्यात तो संघाचं जवळजवळ सगळं टाकतोय, दुसऱ्यात इतरांशी तुलना शक्य आहे. या दोन ओळी जुळल्या तर पद्धत चालते, नाहीतर रकाने बदलू.

एक खबरदारी. १८८१ ला तो हंगामाच्या मध्यात प्रॉव्हिडन्सहून बॉस्टनला गेला. ४–८ आणि १–० वेगळे ठेवा, एका ओळीत कोंबू नका. काही तक्त्यांत तिथेच बेरीज चुकते आणि मग २९७ जुळत नाही.

---

हिक्सचा_अंगठा

कॅचरच्या रकान्यात फक्त नाव नको, निसटलेल्या चेंडूंची संख्याही लिहा. १८७३ च्या जुलैत एका सामन्यात अंपायर बॉब फर्ग्युसनने बॅट मारून हिक्सचा हात मोडला होता. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सामने वेगळे काढले तर मागे कॅचर बदलल्यावर मॅथ्यूजच्या धावा किती वाढल्या ते दिसेल.

---

धूळपाटी

१८७३ ची ओळ मग दोन भागांत करते, जुलैच्या आधीची आणि नंतरची. १८७४ आणि १८८५ आधी.